ताई लोकसभा लढवणार, भाऊजींचा सांवेर रोडला कारखाना – धंद्यात आधी काय बदलावं लागेल?

रामबागकर

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या भाऊजींच्या वतीने विचारतो आहे. ताई एका राष्ट्रीय पक्षाच्या केंद्रीय कार्यकारिणीत आहे आणि लोकसभेच्या तिकिटासाठी तिचं नाव पुढे आहे. भाऊजींचा इंदूरच्या सांवेर रोडला पाइप फिटिंग आणि व्हॉल्व्हचा कारखाना आहे. फर्म भागीदारीची, भागीदार दोघेच: भाऊजी ९५ टक्के, ताई ५ टक्के. ताई कारखान्याच्या कामात नाही, नाव फक्त कागदावर. माल रेल्वेला जातो, राज्याच्या पाणीपुरवठा खात्याला जातो, इंदूर नगर निगमला जातो आणि थोडा दुबईला निर्यात होतो.

तिकीट जाहीर होण्याआधी फर्ममध्ये काय बदल करायला हवेत? उमेदवारी अर्जासोबतच्या शपथपत्रात भाऊजींचं काय काय येतं? पुढे ती मंत्री झालीच, तर धंदा बंद करावा लागतो का? आणि बँकेचे मॅनेजर पीईपी की काहीतरी म्हणत होते, ते नेमकं काय? ज्यांना हे काम माहीत आहे त्यांनी सविस्तर लिहावं, ही विनंती.

जेलरोड_वकील

रामबागकर, शपथपत्र, मंत्रिपद, बँक हे सगळं नंतर. तुमच्या प्रश्नात खरी अडचण एकाच वाक्यात आहे: ताई ५ टक्के भागीदार आणि माल रेल्वेला.

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ चं कलम ९अ वाचा. आपल्या व्यापाराच्या ओघात 'समुचित सरकार'शी माल पुरवण्याचा किंवा काम करून देण्याचा करार ज्याने केला आहे आणि तो करार चालू आहे, ती व्यक्ती अपात्र ठरते. संसदेच्या निवडणुकीसाठी समुचित सरकार म्हणजे केंद्र, विधानसभेसाठी राज्य. रेल्वे ही वेगळी कंपनी नाही, केंद्र सरकारचंच खातं आहे. भागीदारी फर्मला कायद्याच्या नजरेत स्वतंत्र अस्तित्व नसतं, त्यामुळे फर्मचा करार हा प्रत्येक भागीदाराचा करार. ५ टक्के असो की अर्धा टक्का, फरक पडत नाही. ताई कारखान्यात पाऊल टाकत नाही, हा बचावही चालत नाही.

हे नुसतं पुस्तकातलं नाही. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयात चतुर्भुज विठ्ठलदास जसानी यांचं प्रकरण गेलं होतं, ते आपल्या जुन्या मध्य प्रदेशातलंच, भंडाऱ्याच्या निवडणुकीचं. सैन्याच्या कँटीनला बिड्या पुरवणाऱ्या फर्ममध्ये ते भागीदार होते. तेवढ्यावर अपात्र ठरले. कलमाचा क्रमांक तेव्हा वेगळा होता, तत्त्व आजही तेच आहे.

आता तुमचे बाकीचे ग्राहक. राज्याच्या पाणीपुरवठा खात्याचा करार लोकसभेसाठी ९अ मध्ये येत नाही, पण उद्या विधानसभा लढवायची झाली तर येईल. नगर निगम ही स्वतंत्र वैधानिक संस्था, ती सरकार नाही. भोपाळच्या भेलसारख्या सरकारी कंपन्यांना माल दिला तर तोही ९अ मध्ये नाही, मात्र शपथपत्रात दाखवावा लागतो. दुबईच्या निर्यातीचा ९अ शी काही संबंध नाही.

एक बारीक मुद्दा, ज्यावर लोक विनाकारण घाबरतात: माल पूर्ण देऊन झाला आहे, फक्त रेल्वेकडून पैसे यायचे आहेत, तर करार 'चालू' धरला जात नाही. कलमाच्या स्पष्टीकरणातच तसं लिहिलं आहे. पण ऑर्डरमधला अर्धा लॉट बाकी असेल, किंवा वॉरंटीत माल बदलून द्यायची जबाबदारी उरली असेल, तर विरोधी वकील तेवढाच धागा पकडून उमेदवारी अर्जांच्या छाननीला उभा राहतो. म्हणून 'पैसेच तर बाकी आहेत' असं म्हणण्याआधी प्रत्येक ऑर्डरच्या अटी काढून वाचा.

आणि हे सगळं मोजलं जातं ते छाननीच्या तारखेला. निकालाच्या दिवशी पात्र असून उपयोग नाही.

पलासिया_सीए

वकीलसाहेबांशी सहमत. ताईंनी फर्ममधून बाहेर पडावं हे उघडच आहे, पण कृपा करून उद्याच निवृत्तीचा करार करू नका. इथेच सगळे चुकतात.

फर्ममध्ये भागीदार दोनच आहेत. एक निवृत्त झाला की उरतो एकच, आणि एका माणसाची भागीदारी नसते. फर्म त्याच दिवशी विसर्जित होते. मग पुढचा धंदा भाऊजींचा प्रोप्रायटरी (एकट्याच्या मालकीचा), म्हणजे फर्मचा पॅन संपला, जीएसटी क्रमांक नवा घ्यावा लागला, शिल्लक इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) आयटीसी-०२ फॉर्म भरून वळवावं लागलं, उद्यम (लघुउद्योग) नोंदणी नवी. बँकेची कॅश क्रेडिट (खेळत्या भांडवलाच्या कर्जाची) मर्यादा नव्याने मंजूर करून घ्यावी लागेल. सगळ्यात मोठं नुकसान टेंडरमध्ये: मागील वर्षांची उलाढाल आणि अनुभव फर्मच्या नावावर आहे, भाऊजींच्या नावावर नाही. रेल्वेचं जाऊ द्या, नगर निगमच्या निविदेतही तांत्रिक तपासणीत अडकाल.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी तिसरा भागीदार आत घ्या: आई, भाऊ, सज्ञान मुलगा, कोणीही विश्वासाचा. त्याचा वेगळा करार, वेगळी तारीख. त्यानंतर ताईंच्या निवृत्तीचा करार. दोन्ही एकाच दिवशी, एकाच कागदात उरकू नका. कोण आधी आला आणि कोण नंतर गेला हे कागदावर निर्विवाद दिसलं पाहिजे. जीएसटीत भागीदार बदलल्याची दुरुस्ती १५ दिवसांत करायची असते. जमीन उद्योग विभागाच्या लीजवर असेल (सांवेर रोडला बहुतेकांची तशीच आहे), तर फर्मची रचना बदलल्याची नोंद तिथेही लागते आणि तिला वेळ लागतो. कारखान्याचा परवाना, प्रदूषण मंडळाची संमती, वीज कनेक्शन, ही यादी आधीच करून बसा.

ताईंच्या भांडवल खात्यात जी रक्कम आहे ती बँकेतून द्या. ती फर्मकडे 'कर्ज' म्हणून ठेवली तरी चालतं, पण मग शपथपत्रात ती ताईंची येणी म्हणून दिसली पाहिजे आणि फर्मच्या ताळेबंदात तीच रक्कम तिच्या नावाने देणी म्हणून. दोन्ही आकडे जुळले नाहीत की बातमी होते.

जेलरोड_वकील

सीए साहेबांनी क्रम अगदी बरोबर सांगितला. त्यात माझी भर एवढीच: घरात बसून निवृत्तीचा करार केला म्हणजे जगाला कळलं असं होत नाही. भागीदारी कायद्याच्या कलम ७२ प्रमाणे जाहीर सूचना लागते. नोंदणीकृत फर्म असेल तर रजिस्ट्रार ऑफ फर्म्सला कळवायचं, राजपत्रात छापायचं आणि जिल्ह्यात खपणाऱ्या किमान एका स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात द्यायचं. इंदुरात ते हिंदी पेपरात देतात, ते पुरेसं आहे.

याहूनही महत्त्वाचं: निवृत्तीआधीच्या करारातून ताई आपोआप मोकळी होत नाही. कलम ३२(२) सांगतं की समोरच्या पक्षाशी आणि उरलेल्या भागीदारांशी तसा करार झाला पाहिजे. म्हणजे चालू ऑर्डर असेल तर रेल्वेच्या संबंधित अधिकाऱ्याकडून लेखी घ्या की फर्मच्या नव्या रचनेला मान्यता दिली आणि निवृत्त भागीदाराला मुक्त केलं. पोच पावती म्हणजे मान्यता नाही. 'आम्ही पत्र दिलं होतं, त्यांनी ठेवून घेतलं' हे छाननीच्या टेबलावर टिकत नाही. अशी मान्यता मिळायला सरकारी खात्यात महिने जातात, म्हणून मी तर म्हणेन की चालू ऑर्डर पुरी करा, नवी रेल्वे निविदा भरू नका, आणि निवृत्ती त्यानंतर. आचारसंहिता लागल्यावर पळापळ सुरू केली तर काहीच हाती लागत नाही.

रामबागकर

खूप आभार. तिसरा भागीदार आधी, हे आमच्या डोक्यातच नव्हतं. भाऊजींची आई भागीदार व्हायला तयार आहे. आता शपथपत्राबद्दल कोणी सांगेल का? भाऊजींचा मुख्य प्रश्न हा की निवडणूक ताई लढणार, मग माझं सगळं का उघड करायचं?

फॉर्म_सव्वीस

कारण कायदा तसा आहे, आणि तो असा असणं योग्यही आहे. मतदाराला घराचा पैसा कुठून येतो ते कळायला हवं. आपल्याच इंदूरच्या सुमित्राताई महाजन १९८९ ला पहिल्यांदा निवडून आल्या तेव्हा संपत्तीचं शपथपत्र नव्हतंच. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांनंतर ते आलं, आणि सुमित्राताईंच्या शेवटच्या निवडणुकीपर्यंत, २०१४ पर्यंत, तो सगळ्यांचाच नेहमीचा कागद झाला होता. पती-पत्नीच्या 'उत्पन्नाचा स्रोत' हा रकाना तर त्याहून नवा. २०१८ च्या लोकप्रहरी निकालात न्यायालयाने स्वच्छ सांगितलं की जोडीदाराच्या आणि अवलंबितांच्या उत्पन्नाचा स्रोतही द्यावाच लागेल.

फॉर्म २६ मध्ये, म्हणजे शपथपत्राच्या नमुन्यात, भाऊजींचा स्वतंत्र रकाना आहे. त्यात येतं: पॅन, मागील पाच वर्षांच्या विवरणपत्रांतलं एकूण उत्पन्न, हातातली रोकड, बँक खाती, मुदत ठेवी, शेअर, म्युच्युअल फंड, विमा, दुसऱ्यांना दिलेली कर्जं आणि येणी, वाहने, दागिने वजनासकट, शेती, बिगरशेती जमीन, व्यापारी इमारत, घर, आणि सगळी देणी. एचयूएफ (हिंदू अविभक्त कुटुंब) असेल तर तिचा रकाना वेगळा. परदेशातली खाती आणि मालमत्ताही. दुबईत निर्यातीसाठी कुठलं खातं उघडलं असेल तर ते विसरू नका.

करारांचा भाग वेगळा आहे आणि तिथे भाऊजी पूर्ण येतात. जोडीदाराने सरकारशी किंवा सार्वजनिक कंपनीशी केलेले करार, जोडीदार भागीदार असलेल्या फर्मचे, जोडीदाराचे शेअर असलेल्या खासगी कंपनीचे, सगळे लिहायचे. म्हणजे ताई फर्ममधून गेली तरी फर्मचे सरकारी करार शपथपत्रात राहतातच. ते दाखवल्याने अपात्रता येत नाही, लपवल्याने मात्र प्रकरण उभं राहतं.

किंमत कशी लावायची यात फार गोंधळ होतो. सूचीबद्ध शेअर बाजारभावाने, न सूचीबद्ध कंपनीचे पुस्तकी किमतीने. भागीदारीत भाऊजींचं भांडवल शिल्लक एवढंच त्यांची मालमत्ता, कारखान्याची सगळी मशिनरी नाही. फर्म जर उद्या प्रोप्रायटरी झाली असती, तर स्टॉक, ग्राहकांकडची येणी, मशीन सगळं थेट त्यांच्या रकान्यात आलं असतं. हाही भागीदारी टिकवण्याचा एक फायदा. जमिनीला खरेदीची तारीख, खरेदीची किंमत, त्यावर केलेला खर्च आणि आजची अंदाजे बाजार किंमत हे चार आकडे लागतात. आजची किंमत म्हणून लोक कलेक्टर गाइडलाइनचा (सरकारी) दर टाकतात. तो किमान म्हणून ठीक, पण त्याच गल्लीत गेल्या वर्षी दुप्पट दराने रजिस्ट्री झाली असेल तर तोच आकडा तुमच्यासमोर ठेवला जातो. शेती असेल तर खसरा (भूखंड) क्रमांक बी-१ या जमिनीच्या उताऱ्यावरून उतरवा, तोंडी आठवणीवर नको.

रकाना रिकामा ठेवू नका. २०१३ च्या रिसर्जन्स इंडिया निकालापासून नियम स्पष्ट आहे: जिथे काही नाही तिथे 'निरंक' किंवा 'लागू नाही' लिहायचं. रेघ मारायची नाही. निवडणूक अधिकारी उणिवा दाखवतात, छाननी सुरू होईपर्यंत दुसरं शपथपत्र देता येतं, तरी त्या धावपळीत स्टॅम्प, नोटरी आणि प्रत्येक पानावरची सही यातलं काहीतरी सुटतंच.

जुन्या गाड्या. हे वाचून आजच आरटीओची नोंद तपासा. अरुणाचलचे आमदार कारिखो क्री यांची निवड उच्च न्यायालयाने रद्द केली होती, कारण पत्नी आणि मुलाच्या नावावरची तीन जुनी वाहने शपथपत्रात नव्हती. ती विकली किंवा देऊन टाकली होती, पण नोंद बदलली नव्हती. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवड कायम केली, आणि प्रत्येक किरकोळ वस्तू सांगायलाच हवी असं नाही, हेही म्हटलं. पण तोवर सगळा कार्यकाळ कोर्टात गेला. पंधरा वर्षांपूर्वी कामगाराला दिलेली स्कूटर आरसीवर भाऊजींच्याच नावावर असेल तर आत्ताच हस्तांतरण करा.

खोट्या किंवा लपवलेल्या माहितीला कलम १२५अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. सही ताईची असते, म्हणून शिक्षाही ताईलाच. भाऊजींनी आपला आकडा सांगायला कुरकुर केली तर भोगणार ती. हे त्यांना नीट समजावून सांगा.

निवडून आल्यावर शपथ घेतल्यापासून ९० दिवसांत कलम ७५अ प्रमाणे स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबित मुलांची मालमत्ता, तसंच स्वतःची देणी लोकसभा अध्यक्षांकडे पुन्हा द्यायची असतात. फॉर्म २६ ची प्रत समोर ठेवूनच ते भरा.

फॉरेक्स_डेस्क

पीईपीबद्दल. बहुतेक शाखांमध्ये हा शब्द चुकीचा वापरला जातो. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांत राजकीयदृष्ट्या उघड व्यक्ती म्हणजे *परदेशाने* ज्याला महत्त्वाचं सार्वजनिक पद दिलं आहे ती. भारताचा खासदार त्या व्याख्येत बसत नाही, त्याचा नवराही नाही. तेव्हा 'तुम्ही पीईपी आहात म्हणून खातं उघडता येत नाही' असं कोणी म्हणालं तर निर्देशाची व्याख्या दाखवायला सांगा.

तरीही बँक स्वतःच्या धोरणाने खातं उच्च जोखमीच्या वर्गात टाकू शकते. तसं झालं की केवायसी दर दोन वर्षांनी नव्याने लागते, एरवी मध्यम जोखमीला आठ आणि कमी जोखमीला दहा वर्षं असतात. मोठ्या रोख व्यवहाराला लगेच विचारणा येते. नाराज न होता कागद द्या, आणि धंद्याच्या खात्यातून घरखर्च, पक्षाच्या कार्यक्रमाचा मंडप, असलं काहीही फिरवू नका.

खरा परिणाम दुबईच्या बाजूला दिसेल. एफएटीएफ या मनी लाँडरिंगविरोधी आंतरराष्ट्रीय संस्थेच्या शिफारस १२ मध्ये देशांतर्गत राजकीय व्यक्ती आणि त्यांचं कुटुंबही येतं, आणि परदेशी बँका त्याप्रमाणे चाळणी लावतात. लेटर ऑफ क्रेडिटच्या (निर्यातीच्या पैशांच्या बँक हमीच्या) वेळी होणाऱ्या नावांच्या तपासणीत भाऊजींचं नाव पत्नीच्या नावाशी जोडलेलं निघालं की कागद थांबतात आणि प्रश्न येतो: निधीचा स्रोत काय, मालकी कोणाकडे. यासाठी एक फाइल तयार ठेवा: भागीदारीचा नवा करार, ताईंच्या निवृत्तीचा करार आणि सूचनेची कात्रणं, तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, आयईसी (आयात-निर्यात क्रमांक). पहिल्याच दिवशी पाठवलीत तर थांबलेली शिपमेंट लवकर सुटते. पोर्टवर माल उभा असताना कागद गोळा करायला बसलात तर डेमरेज (माल अडकल्याचा दंड) भरावं लागेल.

टिळकपथ

मंत्रिपदाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. धंदा बंद करावा लागत नाही. केंद्रीय मंत्र्यांसाठी आचारसंहिता आहे, ती कायदा नसून सरकारची संहिता आहे आणि तिच्यावर लक्ष ठेवतात पंतप्रधान. मंत्र्याने स्वतःचे आणि कुटुंबाचे व्यावसायिक हितसंबंध कळवायचे, स्वतः धंद्याच्या व्यवस्थापनातून बाहेर पडायचं, आणि दरवर्षी ३१ ऑगस्टपर्यंत मागील आर्थिक वर्षाचं विवरण द्यायचं. जोडीदाराबाबत संहिता असं म्हणते की त्या सरकारला माल किंवा सेवा पुरवणाऱ्या धंद्यात त्याला पडू देऊ नये, अपवाद फक्त नेहमीच्या व्यापाराच्या ओघात, बाजारभावाने होणाऱ्या व्यवहाराचा. लायसन्स, परमिट, कोटा यांवरच चालणारा धंदा तर नकोच.

म्हणजे शब्दशः पाहिलं तर भाऊजींची खुल्या निविदेतली रेल्वे ऑर्डर बसू शकते. तरी माझं ठाम मत आहे की त्यांनी रेल्वे सोडावी. उद्या एल-१ ने (सर्वांत कमी दर भरून) मिळालेली ऑर्डरही 'मॅडमच्या घरची' म्हणूनच ओळखली जाईल, आणि माल तपासणारा इन्स्पेक्टर नीट तपासायला कचरेल. खराब व्हॉल्व्ह पास झाला तर त्याची किंमत प्रवाशांनी मोजायची. खासगी ग्राहक आणि निर्यात वाढवा.

याबाबतीत ब्रिटनच्या मार्गारेट थॅचर यांचे पती डेनिस यांचं उदाहरण पाहण्यासारखं आहे. घरची ॲटलस प्रिझर्व्हेटिव्ह ही रंग आणि तणनाशकांची कंपनी ते चालवत. ती १९६५ मध्ये कॅस्ट्रॉलला विकली, पुढे बर्मा ऑइलमध्ये संचालक म्हणून राहिले आणि १९७५ मध्ये, पत्नी पक्षनेता झाली त्याच वर्षी, निवृत्त झाले. पत्नी पंतप्रधान झाली तेव्हा त्यांच्याकडे चालवायला कारखानाच नव्हता. मुलाखती देणं ते कटाक्षाने टाळत. तरी एकदा चूक झालीच: सल्लागार असलेल्या कंपनीचं बांधकामाचं अपील रखडलं म्हणून त्यांनी वेल्सच्या मंत्र्यांना पत्र लिहिलं, तेही डाउनिंग स्ट्रीटच्या (पंतप्रधान निवासाच्या) कागदावर. पत्र फुटलं आणि गदारोळ झाला. भाऊजींना एवढंच सांगा की ताईचं लेटरहेड, तिचा सरकारी फोन, तिचा स्वीय सहायक, यातलं काहीही कारखान्याच्या कामाला वापरायचं नाही. वीज मंडळातल्या कनेक्शनचं पत्रसुद्धा फर्मच्या लेटरहेडवर, फर्मच्याच माणसाच्या सहीने गेलं पाहिजे.

रामबागकर

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचं एक: प्रचारात कारखान्याच्या दोन गाड्या आणि काही माणसं वापरायची, आणि भाऊजींनीच निवडणूक एजंट व्हायचं, असं घरात ठरतंय. चालेल का?

फॉर्म_सव्वीस

एजंट होता येईल, फॉर्म ८ वर नेमणूक द्यायची. निवडणुकीचं बँक खातं नामांकनाच्या किमान एक दिवस आधी उघडायचं, ताईच्या एकटीच्या नावाने किंवा एजंटासोबत. भाऊजी एजंट असतील तरच त्यांचं नाव त्या खात्यात येऊ शकतं, नुसता नवरा म्हणून नाही. त्यांनी दिलेले पैसे, भेट असोत वा कर्ज, चेकने किंवा ऑनलाइन त्याच खात्यात यावेत. एका व्यक्तीला किंवा संस्थेला मिळून १०,००० रुपयांपेक्षा जास्त द्यायचे असतील तर रोखीने नाही.

गाड्या फुकटच्या म्हणून खर्च शून्य, असं होत नाही. जिल्हा निवडणूक कार्यालय दरपत्रक काढतं, त्या दराने भाडं ताईच्या खर्चात धरलं जातं. मध्य प्रदेशात लोकसभेची खर्चमर्यादा २०२२ पासून ९५ लाख आहे. गाडीची परवानगी घ्या आणि मूळ परवाना काचेवर लावा. परवाना नसलेली गाडी सापडली तर जप्ती वेगळी आणि खर्चात नोंद वेगळी.

माणसांचं जास्त सांभाळा. कारखान्याच्या हजेरीवर नाव आणि दिवसभर प्रचारात, हे नको. पगार फर्म देणार आणि काम उमेदवाराचं होणार, म्हणजे तो फर्मने केलेला निवडणूक खर्च झाला. ज्यांना मनापासून यायचं आहे त्यांची रीतसर रजा लावा, अर्ज फाइलला ठेवा, आणि त्या दिवसांचं चहा-जेवण ताईच्या रजिस्टरमध्ये लिहा. निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचा आहे. तो दिला नाही तर कलम १०अ खाली तीन वर्षं अपात्रता येऊ शकते, जिंकलेल्यालाही आणि हरलेल्यालाही. रजिस्टर लिहायला फर्मचा मुनीम बसवू नका, वेगळा माणूस ठेवा आणि त्याचा पगारही त्याच खात्यातून द्या.